जनाबाईची वाकळ

देव रात्री जनाबाईला दळू लागला आणि पहाटे काकडआरतीच्या घाईत आपला शेला तिथेच टाकून, तिची वाकळ पांघरून राउळात गेला. पुढे पदकाच्या चोरीचा आळ आला, सूळ उभा राहिला, त्याचे पाणी झाले. कीर्तनात आपण सुळापाशी रडतो. वाकळेपाशी कोणी थांबत नाही.

वाकळ म्हणजे गोधडीच. नामदेवराय शिंपी, तेव्हा त्या घरी चिंध्यांना तोटा नसावा. विटलेले लुगडे खाली अंथरायचे, मध्ये धोतराचे, अंगड्याचे तुकडे लावायचे, वर दुसरे लुगडे. हे काम एकटीचे नव्हे. उन्हाळ्यात शेतातली कामे उरकली की शेजारणी चारी बाजूंनी बसतात आणि कडेपासून धावदोरा घालीत मध्याकडे सरकतात. आधी एकमेकींपासून चार हात दूर, शेवटी गुडघ्याला गुडघा लागतो. तोवर विठ्ठलाच्या कितीतरी ओव्या गाऊन झालेल्या असतात. गेलेल्या सासूचे लुगडे कोणत्या थरात आहे, हे त्या बायकांनाच ठाऊक.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) असल्याच चिंध्या अंगावर वागवीत. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडे महाराज. पंढरपुरात यात्रेकरूंना पाठ टेकायला धर्मशाळा उभ्या केल्या त्या त्यांनीच.

आता वारीत हलकी ब्लँकेटे आली. ओझे कमी झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुक्कामाला एखादी म्हातारी गाठोडे सोडते, वाकळ पसरते आणि बोट ठेवून सांगते, हा तुकडा आईच्या लुगड्याचा, हा थोरल्याच्या झबल्याचा. ऐकता ऐकता शेजारची माउली तिच्याच वाकळेच्या कडेला टेकते.