प्रेमाविषयी कोणी लिहावे?

आपल्या मंडळातील एक विदुषी भगिनी मागे म्हणाल्या की, प्रेमावर लिहावयास कल्पनाशक्ती पुरते, स्वतःचा अनुभव असलाच पाहिजे असे नाही. मी सातवी शिकलेली, तेव्हा वादात पडले नाही. पण नंतर दोन जुनी पुस्तके पुन्हा वाचली, आणि त्यांचे म्हणणे काही मला पटेना.

पहिले, रमाबाई रानडे यांचे 1910 सालचे 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी'. 1873 साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे बिजवर. त्यांनी पत्नीला शिकविले. घरातील बायकांची बोलणी मात्र रमाबाईंनी खाल्ली. न्यायमूर्ती 1901 साली गेले, त्यानंतर नऊ वर्षांनी हे पुस्तक आले. त्यात भक्ती फार, तक्रार जवळजवळ नाहीच.

दुसरे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. यांचेही लग्न अकराव्या वर्षीच, 1880 साली. नारायण वामन टिळक कवी, मनाने उदार आणि रागाने जमदग्नी! 1895 साली ते ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या. भगिनींनो, त्या काळी अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, ते मी सांगायला नको. काही वर्षांनी त्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पतीजवळ गेल्या. पण धर्म न बदलता. बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर.

टिळक 1919 साली वारले आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली निघाला. मधली पंधरा वर्षे मला महत्त्वाची वाटतात. सोसले तर पुष्कळ बायकांनी, पण ते मुरल्याशिवाय लिहिता येत नाही. लक्ष्मीबाईंनी भांडणे लिहिली, रुसवे लिहिले, आणि जागोजागी स्वतःलाच हसल्या. पतीला देव्हाऱ्यात बसविले नाही, म्हणून त्यांची माया मला रमाबाईंच्या भक्तीपेक्षा अधिक खरी वाटते. (आमच्या घरी पंचवीस वर्षांत भाजीला 'छान' म्हटलेले मी ऐकले नाही; पण मला ताप आला की रात्रभर दिवा मालवत नाहीत. हे कल्पनेने कोणाला सुचेल?)

लग्नानंतर पतीच्या प्रोत्साहनाने लिहू-वाचू लागलेल्या या बाईंनी त्याचेच अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे पुरे केले.

'स्मृतिचित्रे'ची प्रत मंडळाच्या कपाटात आहे. शेवटची पाने सुटी झाली आहेत, तेवढी जपून हाताळावी.