एमाबाईची पिशवी

लांब पायी जायचं तर गाठोड्यात काय बांधायचं, हे वारीच्या घरांना सांगावं लागत नाही. आज आपण एका परदेशी शेतकरणीचं गाठोडं सोडून बघू.

एमा गेटवुड १८८७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मली. ११ मुलं, शेतात राबणं आणि नवऱ्याचा मार. दात तुटले, बरगडी मोडली. फार झालं की ती रानात जाऊन बसायची. १९४१ साली तिने काडीमोड घेतला.

पुढे एका मासिकात तिने अ‍ॅपलाचियन पायवाटेबद्दल वाचलं. डोंगरांतून जाणारी ही वाट तेव्हा साधारण ३,३०० किलोमीटर होती. १९५४ साली ती उत्तरेच्या टोकाकडून निघाली, पण वाट चुकली. चष्मा फुटला, शिधा संपला. वनखात्याच्या माणसांनी सांगितलं, घरी जा.

घरी गेली, पण पुढच्या वर्षी परत निघाली. वय ६७. पोरांना एवढंच म्हणाली, जरा चालून येते. सगळं सांगितलं असतं तर घरच्यांनी अडवलं असतं, असं आम्हाला वाटतं.

आता तिची तयारी ऐका. जीनच्या जाड कापडाची पिशवी घरीच शिवली. ती एका खांद्यावर टाकायची, म्हणजे दमली की बदलता येते. तंबू नाही. एक कांबळं, आणि पावसासाठी न्हाणीघरात लावतात तो प्लास्टिकचा पडदा. पायात साधे कापडी बूट. खायला शेंगदाणे, मनुका, दुधाची पावडर, डबाबंद मांस, पाण्यात विरघळवून रस्सा करायच्या सुक्या वड्या. म्हणजे चूल न पेटवता पोटात जाईल असंच बहुतेक. वाटेत रानभाज्या आणि बोरांसारखी रानफळं. शेतात वाढलेल्या बाईला कुठला पाला खायचा हे पाठच असतं. थंडीच्या रात्री दगड तापवून त्यांवर निजायची. सगळं ओझं नऊ किलोच्या आत! महागडं सामान घेऊन निघालेले कितीतरी तरुण अर्ध्यातून परततात, हेही ध्यानात घ्या.

३ मे १९५५ ला जॉर्जियातून निघालेली एमा २५ सप्टेंबरला मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरावर पोचली. १४६ दिवस. एका दमात ही वाट एकटीने चालणारी ती पहिली बाई. तोवर कापडी बुटांचे कितीतरी जोड फाटले होते.

१९५७ साली ती पुन्हा तीच वाट चालली.