कुंडात कोण उतरतो? जपानी ओन्सेन-मुक्कामाचा एक इतिहास

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारलं, "तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं न्हाणीघरात काय काम?" काम आहे. जपानी माणूस आपल्या गरम पाण्याच्या कुंडांविषयी बोलताना एक विधान हमखास करतो: कपडे उतरले की हुद्दा उतरतो, कुंडात सगळे सारखे. त्यांच्याकडे यासाठी शब्दच आहे, 'हादाका नो त्सुकिआई', म्हणजे उघड्या अंगाने जमलेला स्नेह. आता 'सगळे' हा शब्द आला की आमच्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. सगळे म्हणजे कोण कोण? हा प्रश्न तर्काने सुटत नाही, त्यासाठी इतिहासातच जावं लागतं.

आधी आजचा मुक्काम कसा असतो ते थोडक्यात सांगतो. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा नैसर्गिक झरा, आणि ऱ्योकान म्हणजे पारंपरिक पद्धतीची खानावळ-वजा-मुक्कामाची जागा. डोंगरातल्या गावी बस तुम्हाला उतरवते. दारात बूट काढायचे. खोलीत पलंग नाही, गवती ताताम्या अंथरलेल्या. तिथे घडी घातलेला युकाता ठेवलेला असतो, तो सुती झगा नेसायचा. डावा पदर उजव्यावर घ्यायचा हे लक्षात ठेवा, कारण उलटा पदर तिथे फक्त मृतदेहाला घालतात! कुंडात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं. कुंड मळ काढण्यासाठी नसतं, ते निवांत भिजण्यासाठी. पाण्यात उतरताना अंगावर चिंधीसुद्धा नाही. एक छोटा पंचा असतो, तोही पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. संध्याकाळी लहान लहान वाट्या-ताटल्यांतून जेवण, रात्री जमिनीवर गादी. सकाळी न्याहारी आणि निरोप. या सगळ्याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक रात्र आणि दोन जेवणं. दर बहुधा खोलीमागे नसतो, माणशी असतो.

हे चित्र पाहिलं की वाटतं, हजार वर्षं असंच चालत आलं असणार. काही ठिकाणं खरोखर फार जुनी म्हणवतात. यामानाशीमधल्या निशियामा इथलं केइउन्कान आपली स्थापना 705 सालची सांगतं, आणि गिनीज बुकाने जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची नोंद केली आहे. पण घर जुनं म्हणून मुक्कामाची रीत जुनी, असं होत नाही. एका रात्रीचा हा चैनीचा मुक्काम ही बरीच अलीकडची गोष्ट. त्याआधी जे होतं त्याचं नाव 'तोजी', पाण्याने घ्यायचा उपचार.

तोजीचं माप रात्र नव्हतं, आठवडा होतं. सात दिवसांचं एक आवर्तन, आणि दुखणं हट्टी असेल तर अशी तीन आवर्तनं, म्हणजे एकवीस दिवस. तोकुगावा इएयासु शोगुन झाल्यावर 1604 मध्ये अतामीला गेला, तोही सात दिवसांसाठीच. पण शोगुनापेक्षा मला शेतकरी महत्त्वाचा वाटतो. ईशान्य जपानमधला शेतकरी भाताची लावणी आटोपली की, किंवा कापणीनंतर थंडी पडली की, तांदूळ आणि मिसो पाठीवर घेऊन डोंगरातल्या झऱ्याकडे चालू लागायचा. चिखलात वाकून वाकून कंबर गेलेली असायची. खानावळवाला फक्त खोली, चूल आणि पाणी द्यायचा. स्वयंपाक आपला आपण. शेजारच्या खोलीतल्या बाईने लोणचं द्यायचं, आपण तिला भाजी द्यायची. आओमोरीच्या सुकायु इथे आणि हानामाकीजवळच्या नामारी इथे असा स्वतः रांधून राहण्याचा विभाग आजही आहे. नामारीचं एक कुंड तर सव्वा मीटर खोल आहे, त्यात उभं राहूनच भिजायचं.

आणि त्या काळी प्रवास म्हणजे गंमत नव्हे. एदो काळात रस्त्यांवर नाके होते, आणि सामान्य माणसाला ते ओलांडायला 'तेगाता' नावाचा परवाना लागे. यात्रा आणि उपचार ही परवाना मिळण्याची चालणारी कारणं. म्हणून आजारपणाला एक सामाजिक सोय चिकटली. पाय दुखतात, असं म्हटलं की गावाबाहेर पडता येत होतं. किती जणांचे पाय खरोखर दुखत होते, ते पाणीच जाणे.

एका रात्रीचा मुक्काम मात्र भांडणातून आला. तोकाइदो महामार्गावर ओदावारा आणि हाकोने या अधिकृत टप्प्यांच्या गावांना प्रवासी उतरवण्याचा हक्क होता. जवळच युमोतोला झरा, आणि तिथले खानावळवाले वाटसरूंना एक रात्र ठेवून घेऊ लागले. टप्प्याच्या गावांनी तक्रार केली, की उपचार एका रात्रीत होतो का? हे तर सरळ आमचं गिऱ्हाईक पळवणं आहे. 1805 मध्ये सरकारने युमोतोच्या बाजूने निकाल दिला. 'एका रात्रीचा तोजी' मान्य झाला. शब्द उपचाराचा राहिला आणि धंदा मुक्कामाचा झाला. पुढे रेल्वे आली, दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांच्या सहली आल्या, आणि अतामीसारख्या ठिकाणी सिमेंटच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तो भाग मी इथेच सोडतो.

मला जायचं आहे गुन्मा प्रांतातल्या कुसात्सुला. एदो काळात झऱ्यांच्या क्रमवाऱ्या सुमो पैलवानांच्या यादीसारख्या छापत, त्यांत पूर्वेचा अव्वल कुसात्सु आणि पश्चिमेचा अरिमा. कुसात्सुचं पाणी तीव्र आम्लधर्मी आणि फार कढत. लांब फळ्यांनी ते ढवळून निवळायचे, त्या कामाची गाणी आज पर्यटकांसाठी म्हटली जातात. निवळूनही ते सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश असे. मुख्याच्या हुकमावर सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि तीन मिनिटांनी एकदम बाहेर यायचं. हा चैनीचा नव्हे, सोसण्याचा प्रकार होता. असं पाणी सोसायला कोण येईल? ज्याच्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही तो. कुसात्सुत येणाऱ्यांमध्ये कुष्ठरोगी पुष्कळ होते.

1869 मध्ये गाव आगीत जळालं. पुन्हा उभं करायला पैसा हवा होता, आणि रोगी हे गिऱ्हाईक होतं, तेही महिनोन्‌महिने राहणारं. पण त्याच काळात कुसात्सुचं नाव नव्या वर्गात होऊ लागलं. 1876 पासून तोक्योत वैद्यक शिकवणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स यांनी इथल्या पाण्याची आणि हवेची फार वाखाणणी केली. चांगली गिऱ्हाइकं येणार, तर मग जुन्यांचं काय करायचं? 1887 मध्ये गावाच्या खालच्या अंगाला युनोसावा नावाची वेगळी वस्ती करून कुष्ठरोग्यांना तिथे हलवलं. चवदार तळ्याच्या महाराष्ट्रात वाढलेल्या श्रोत्यांना 'वेगळी वस्ती, वेगळं पाणी' याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तरी युनोसावाची गोष्ट निव्वळ दुःखाची नाही, आणि ती तशी सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे रोग्यांनी स्वतः खानावळी चालवल्या, दुकानं थाटली, लग्नं केली, कारभार सांभाळला. 1916 मध्ये कुसात्सुला आलेल्या इंग्लिश मिशनरी मेरी कॉर्नवॉल ली यांनी तिथे मोठं काम उभं केलं. हद्दपार झालेल्यांनी तिथे एक गाव वसवलं, असंच म्हणायला हवं.

ते गाव सरकारने मोडलं. 1931 च्या कायद्याने रोग्यांना सक्तीने कोंडण्याचं धोरण पक्कं झालं, 1932 मध्ये कुसात्सुतच कुर्यु राकुसेन-एन ही संस्था निघाली आणि 1941 मध्ये युनोसावा बरखास्त झाली. संस्थेच्या आवारात 1938 ते 1947 या काळात एक शिक्षेची कोठडी होती. देशभरातून 'उपद्रवी' ठरवलेले रोगी तिथे आणत, खटला न चालवता. हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश उतरायचा, आणि कोठडीत शेकोटी नव्हती. 93 जणांना कोंडलं, त्यांपैकी 23 जण दगावले. ज्या गावात असे रोगी गरम पाण्यासाठी येत, तिथेच हे लोक कोठडीतल्या थंडीत मेले.

औषध युद्धानंतर लवकरच आलं. रोग बरा होऊ लागला, कायदा मात्र 1996 पर्यंत राहिला. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं, पंतप्रधानांनी माफी मागितली. संपलं, असं वाटलं.

आता 2003 चा नोव्हेंबर. क्युशु बेटावरचं कुरोकावा हे डोंगरातलं देखणं ओन्सेन गाव. 1986 पासून तिथे एक छान योजना आहे: लाकडाची चकती विकत घ्यायची आणि गावातल्या कुठल्याही तीन ऱ्योकानांच्या कुंडांत उतरायचं. त्या चकतीचं नाव काय? तेगाता. नाक्यावरचा तो जुना परवाना! कुमामोतो प्रांत-सरकारने कुष्ठरोगातून केव्हाच बरे झालेल्या वृद्धांसाठी या गावातल्या एका हॉटेलात मुक्काम ठरवला. ते कोण आहेत हे कळल्यावर हॉटेलने नकार दिला. कारण सांगितलं, इतर पाहुण्यांना अडचण होईल. प्रवाशाला असं नाकारणं ऱ्योकानच्या धंद्याविषयीच्या 1948 च्या कायद्यात बसत नव्हतं, त्यामुळे कारवाई झाली आणि 2004 मध्ये हॉटेलच बंद पडलं. पण मला अस्वस्थ करतं ते मधलं. हॉटेलच्या पहिल्या दिलगिरीत प्रामाणिकपणा नाही, म्हणून त्या वृद्धांनी ती स्वीकारली नाही. त्यानंतर देशभरातून पत्रं आणि फोन आले ते हॉटेलला झापणारेच नव्हते. कितीतरी त्या वृद्धांना शिव्या देणारे होते. तुम्ही कुंडात उतरलात तर आम्ही त्या पाण्यात उतरणार नाही, असा त्यांचा सूर. दया केली जात होती तोवर ते बिचारे होते, आणि हक्क मागितल्याबरोबर उद्धट ठरले. रोग शरीरातून जाऊन दशकं उलटली होती. तिथे कुणालाच जंतूची भीती नव्हती. वाकडी बोटं आपल्याच पाण्यात दिसतील, एवढीच भीती होती.

कुंडातली समता खोटी आहे, असं मी म्हणत नाही. लावणीनंतर आलेला शेतकरी आणि एखादा सामुराई एकाच वाफेत बसले, हे घडलं आहे. पण ती समता दाराच्या आतली होती, आणि दारावर कोण उभं आहे हे पाण्याने कधी ठरवलं नाही.

2014 मध्ये कुसात्सुत त्या कोठडीचं संग्रहालय उघडलं. कोठडीचा काही भाग तिथे खऱ्या मापाने पुन्हा बांधून ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणी कुसात्सुला मुक्कामाला जाणार असेल, तर गावाच्या मधोमध वाफाळणाऱ्या त्या प्रसिद्ध झऱ्यापासून ते फार लांब नाही. दुपारच्या जेवणाआधी पाहून होतं.