मागे चालणारं काम थांबवायचं कुणी?

आपण व्हिडिओ अपलोडला लावतो, ॲपमधून बाहेर पडतो, काम मागे चालूच राहतं. बॅटरी आपली, डेटा पॅक आपला. मग ते काम मध्येच रद्द करायचं ठरवणार कोण? वाटतो तितका हा किरकोळ प्रश्न नाही.

२००८ मध्ये आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं तेव्हा ॲपलचं उत्तर सरळ होतं: बाहेरच्या ॲपने मागे चालायचंच नाही. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनने उलटी वाट धरली. ॲप मागे खुशाल चालू दे, मेमरी कमी पडली की कुणाला बंद करायचं ते सिस्टीम बघेल. वापरणाऱ्याला दोघांनीही विचारलं नाही.

लोकांनी मग आपला उपाय शोधला. 'टास्क किलर' आठवतात का? एक बटण दाबलं की सगळी ॲप्स साफ! फोन हलका झाल्यासारखा वाटायचा, पण ती कुऱ्हाड होती. दुसऱ्या ॲपने लावलेले अलार्मही त्यात उडायचे. म्हणून २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ पासून गूगलने या ॲप्सची ताकद छाटली. माझ्या मते बरोबरच केलं, पण काढून घेतलेल्या हत्याराच्या बदल्यात चांगलं हत्यार दिलं नाही.

त्याच वर्षी ॲपलने मर्यादित मल्टिटास्किंग आणलं. टास्क मॅनेजर दाखवावा लागला तर बनवणारा चुकला, वापरणाऱ्याने याचा विचारच करायला नको, असं स्टीव्ह जॉब्स यांचं म्हणणं होतं. ऐकायला छान. पण अडकलेलं अपलोड डेटा खात बसलं की विचार करावाच लागतो ना!

अँड्रॉइड १३ मध्ये, म्हणजे २०२२ साली, नोटिफिकेशनच्या पडद्यातच मागे चालू असलेल्या ॲप्सची यादी आणि 'थांबवा' बटण आलं. मात्र ते दाबलं की एक काम नव्हे, अख्खं ॲप मेमरीतून जातं. ॲपला आधी सूचनाही मिळत नाही, त्यामुळे अर्धवट फाइल आवरायला वेळ नाही. बरं, त्याचे ठरलेले अलार्म तेवढे वाजतात, टास्क किलरच्या काळातून एवढा धडा घेतलेला दिसतो.

नेमकं एकच काम रद्द करायची सोय ॲप बनवणारा स्वतः देऊ शकतो, फक्त बरेच जण देत नाहीत. २०२५ मध्ये आयओएस २६ ने त्याला चौकट दिली. वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलेलं लांबलचक काम मागे चालू शकतं, पण किती झालं ते पडद्यावर दिसलं पाहिजे आणि तिथूनच रद्द करता आलं पाहिजे. सतरा वर्षं लागली याला.

आता नोकरीवरच्या फोनचं. अँड्रॉइड १३ च्या त्या यादीत काही ॲप्सना सूट आहे. कंपनीने दिलेल्या फोनचा ताबा ज्या व्यवस्थापन ॲपकडे असतो, ते त्यातलंच एक. फोन दिवसभर खिशात तुमच्या असतो, पण ते ॲप तुम्हाला थांबवता येत नाही. ऑफिसचा फोन वापरणाऱ्यांनी ती यादी एकदा उघडून बघा, आणि काय दिसतं ते खाली लिहा.