टांग्यातले सवाल-जवाब

‘सगळे धर्म शेवटी एकच, नाही का हो चाचा?’ असं कुणी म्हटलं की आमचे दादाजी लगाम आखडून धरायचे आणि म्हणायचे, ‘मग पुढे बोलायचं काय? उतरा, पंचवटी आली.’ पंचवटी अर्थातच आलेली नसायची.

दादाजी टांगा हाकत. नाशिकरोड स्टेशनवर उतरलेले यात्रेकरू रामकुंडावर पोचवायचे हा धंदा. 1889 साली सुरू झालेली स्टेशनची ट्राम त्यांच्या लहानपणीच बंद पडली. मग त्या पाच-सहा मैलांवर टांग्यांचं राज्य आलं. आमच्या मोहल्ल्यात दर दोन घरांआड एक घोडा होता, असं दादी सांगायची. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. वऱ्हाडातलं नाहीतर खानदेशातलं कुटुंब रामाच्या दर्शनाला निघालंय, गाठोडी पायाशी, म्हातारी मागे बसलेली आणि लगाम दाढीवाल्या मुसलमानाच्या हातात. तास-दीड तास दोघांनाही पळायला जागा नाही. लोक विचारणारच. 1956च्या सिंहस्थात तर दादाजींना दिवसभर तेच ते प्रश्न यायचे, आणि रात्री घरी येऊन ते दादीला त्यांची नक्कल करून दाखवायचे.

सगळ्यांत जास्त वेळा यायचा तो काबेतल्या काळ्या दगडाचा. ‘तुम्ही मूर्ती मानत नाही म्हणता, आणि तिकडे जाऊन दगडाला मुके घेता, ते कसं?’ प्रश्न टोचणारा होता, पण रास्त होता. दादाजी खलिफा उमरची गोष्ट सांगायचे. उमर त्या दगडापुढे उभे राहिले आणि त्यालाच म्हणाले, तू दगड आहेस हे मला ठाऊक आहे. तुझ्याने माझं भलं होत नाही नि बुरंही. पैगंबरांनी तुझं चुंबन घेतलेलं मी पाहिलं, म्हणून घेतो, नाहीतर घेतलं नसतं. एवढं सांगून दादाजी गप्प. ‘तुमच्या शाळिग्रामासारखंच समजा’ असं म्हणून सुटका करून घेणं सोपं होतं. ते त्यांनी कधी केलं नाही. कारण ते तसं नाही. आणि समोरचा माणूस तिकीट काढून, उपास धरून एवढ्या लांब आलाय, त्याला खोटं का सांगायचं?

हा हट्ट त्यांनी कुठून उचलला, याचं उत्तर मोहल्ल्यातल्या वाझमध्ये, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात आहे. तिथे ऐकलेली हबशांच्या राजाची कथा ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. इसवी सन 615च्या सुमाराची गोष्ट. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा काही मुसलमान समुद्र ओलांडून हबश देशात, आजच्या इथिओपियाच्या बाजूला, आश्रयाला गेले. राजा नजाशी ख्रिस्ती. मागोमाग मक्केच्या कुरैशांचे दूत कमावलेल्या चामड्याचे नजराणे घेऊन हजर, की ही आमची पळालेली माणसं, परत द्या. राजाने दोन्ही बाजू ऐकायचं ठरवलं. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर उभे राहिले. ते सिद्धान्त सांगत बसले नाहीत. आम्ही कसे होतो ते सांगितलं: मेलेलं खायचो, शेजाऱ्याला छळायचो, बळी तो कान पिळी असा आमचा कायदा होता. मग आमच्यातलाच एक आला, त्याने खरं बोला, नातं जपा, एकाच अल्लाहला भजा असं शिकवलं. मग त्यांनी कुराणातल्या मरियमच्या सूरेतला भाग म्हणून दाखवला. राजा रडला, पाद्री रडले.

इथवर कुणीही सांगेल. दादाजींचा जीव होता तो दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगात. दूत पुन्हा आले आणि म्हणाले, महाराज, यांना येशूबद्दल काय वाटतं ते विचारा. झाली पंचाईत. खरं सांगावं तर राजा ख्रिस्ती, आसरा जाणार. गुळमुळीत बोलावं तर ईमान जाणार. रात्री त्यांनी आपसात मसलत केली आणि ठरलं, की जे आहे तेच सांगायचं. जाफरनी सांगितलं: ईसा अल्लाहचा बंदा, त्याचा पैगंबर, कुमारी मरियमच्या ठायी टाकलेला त्याचा शब्द. देवाचा पुत्र असं ते म्हणाले नाहीत. दरबारातले धर्मगुरू फुरफुरले. नजाशीने जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तू म्हणालास त्यात आणि येशूत या काडीएवढंही अंतर नाही. नजराणे परत गेले, माणसं राहिली.

दुसऱ्या धर्माच्या माणसापुढे इस्लाम मांडण्याचा हा बहुधा पहिलाच मोठा प्रसंग. पाहुणे म्हणून अडचणीत सापडलेली माणसं, यजमानाची मर्जी सांभाळायची गरज, आणि तरी मतभेद झाकायचा नाही. आजच्या सर्वधर्म परिषदांतून नेमकं हेच गाळतात. एका व्यासपीठावर चार धर्मांचे चार लोक बसतात, चौघेही प्रेम नि शांती सांगतात, नारळ-शाल होते आणि कुणाला काहीही नवं कळलेलं नसतं. अकबराने 1575 साली फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला, तिथे निदान भांडणं तरी व्हायची.

भांडायचं कसं हे मराठीला परक्याकडून शिकायची गरजच नव्हती. पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकातच हिंदू-तुर्क संवाद लिहून ठेवलाय. त्यातला तुर्क, म्हणजे मुसलमान, दखनीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो आणि दोघेही एकमेकांची पिसं काढतात. तुर्क पुराणांतल्या देवांच्या भानगडी काढतो, हिंदूंच्या स्नानाची, सोवळ्याची टर उडवतो. हिंदू विचारतो, तुमचा देव सगळीकडे आहे ना, मग तोंड पश्चिमेलाच का? शेवटी दोघे गळ्यात पडतात, पण आधी सगळं बोलून झाल्यावर. मला तर यात नाथांची कमाल वाटते, की तुर्काच्या तोंडचे टोमणे त्यांनी बोथट केले नाहीत.

उलट बाजूनेही वाट होतीच. शहा मुंतोजी, श्रीगोंद्याचे शेख महंमद, हुसेन अंबरखान, शहामुनी, ही सगळी मुसलमान माणसं मराठी ओवीत लिहीत होती. रा. चिं. ढेऱ्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच केलं. पण मोहल्ल्यातल्या मौलवींना विचाराल तर यांनी इस्लाम मांडला की त्यात वेदान्त कालवला, यावर रात्र जाईल. त्या वादात मी पडत नाही.

समोरच्याचा धर्म आपल्या लोकांना सांगणारेही झाले. महात्मा फुल्यांनी पैगंबरांवर अखंड रचला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती इथल्याच, नाशिकच्या तुरुंगात, 1933च्या फेब्रुवारीत. त्याच गुरुजींचं ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक नाशकात फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला नवल वाटतं. विनोबा तर अरबी शिकून मूळ कुराणाला भिडले. 1962 साली त्यांचं ‘कुराण-सार’ आलं.

दादीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा इस्लाम बडी दर्ग्यात होता, सय्यद सादिक शाह हुसैनींच्या दारात. मदिनेहून आले म्हणतात, आणि नाशकालाच, म्हणजे मोगलांच्या गुलशनाबादला, राहिले. तिथे हिंदू बायका तिच्या शेजारी बसायच्या. मोहरमला ती इमामशाहीत हालोंका ताबूत बघायला न्यायची. बांबूच्या सांगाड्यावर कापूस, त्यावर अळीव पेरलेले. पाणी शिंपडत राहायचं, की सगळा ताबूत हिरवागार. त्याला हात लावणाऱ्यांत हिंदूही असतात. आमचे एक काका मात्र जमातीत जाऊ लागले आणि हे सगळं बिदअत, म्हणजे मागाहून घुसवलेलं आहे, दीनात नाही, असं सांगू लागले. दादी म्हणाली, ‘पहले घर में समझा ले, बाद में टांगे में समझाना.’ कुठला इस्लाम परक्यांना सांगायचा हे आधी आपल्यातच ठरलेलं नसतं, ही खरी अडचण. ती टाळून कुठलाही संवाद प्रामाणिक होत नाही.

अलीकडे राज्यात ठिकठिकाणी ‘मस्जिद परिचय’ होतात. जुन्या नाशकातल्या अशाच एका कार्यक्रमाला मी शेजारच्या सोसायटीतली मंडळी घेऊन गेलो. चपला काढल्या, हौदावर नमाजाआधीचं वुजू कसं करतात ते दाखवलं: हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावर ओला हात, पाय. मेहराब म्हणजे नुसता दिशा दाखवणारा कोनाडा, आत काही नाही, हे ऐकून एक काकू वाकून खात्री करून आल्या. अजानचा अर्थ मराठीत छापलेला कागद वाटला गेला. त्यात अकबर हा बादशहा नव्हे, हे वाचून बरेच जण मोकळेपणी हसले.

मग त्याच काकूंनी विचारलं, ‘बायका कुठे नमाज पढतात?’ इस्त्रीचा कुर्ता घातलेला स्वयंसेवक इस्लामने स्त्रीला दिलेल्या वारसाहक्कापासून सुरुवात करू लागला. चांगली तयारी केली होती पोराने. मागे बसलेले एक बुजुर्ग त्याला थांबवून म्हणाले, ‘बेटा, ताईंनी जागा विचारली. पैगंबरांच्या मशिदीत बायका येत होत्या. आपल्या या मशिदीत जागा केलेली नाही. घरी पढतात.’

काकू म्हणाल्या, ‘आमच्याकडेही कुठे कुठे गाभाऱ्यात सोडत नाहीत.’

‘मग तुम्ही काय करता?’ बुजुर्गांनी विचारलं. चहा येईपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं, आणि स्वयंसेवक कागदांचा गठ्ठा घेऊन ऐकत उभा होता.