प्राणीक्लेश गुन्हे व दोषसिद्धी (नांदेड, लातूर)

प्राण्याला निर्दयपणे वागवल्याबद्दल फौजदारी न्यायालयात शाबीत होणारे गुन्हे. या दोन जिल्ह्यांत हा विषय मुख्यतः गुराढोरांचा. लाल कंधारी आणि देवणी हे गोवंश इथलेच, माळेगावची खंडोबाची जत्रा (ता. लोहा) आणि हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार (ता. उदगीर) जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी नावाजलेले आहेत.

ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राणीक्लेशाबाबतचा १८९० चा कायदा निजामाच्या मुलखाला, म्हणजे तेव्हाच्या या भागाला, लागू नव्हता. आजचा आधार प्राणीक्लेश रोखणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम. त्याच्या कलम ११ खाली मारझोड, अतिभार, उपासमार, दुखऱ्या जनावराला जुंपणे, दाटीवाटीची वाहतूक हे गुन्हे येतात. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एवढ्या दंडात आज कडब्याच्या चार-दोन पेंढ्या येतील. शिवाय मारझोड किंवा अतिभार दखलपात्र नाही, आणि तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो चालतच नाही. दोषसिद्धीची वाट अडते ती बहुधा इथेच.

म्हणून दंडसंहितेचा आधार घ्यावा लागतो. जुन्या कलम ४२९ नुसार गाय, बैल, म्हैस, घोडा कोणत्याही किमतीचा असो, त्याला ठार किंवा जायबंदी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. कुत्र्याची किंमत मात्र निदान पन्नास रुपये भरावी लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ ने किमतीची अट काढली. गुन्हा मात्र ‘आगळीक’ म्हणजे नुकसानीचाच राहिला, त्यामुळे स्वतःच्याच बैलाचा पाय मोडणाऱ्या मालकाला हे कलम लावणे अवघड जाते.

जुंपणीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. जाणता शेतकरी भर दुपारी औत सोडतोच, नियम ठाऊक नसला तरी. उसाच्या गाडीवानाला मात्र कारखान्याच्या रांगेतून सुटका नसते.

वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे मालमोटारीत सहाहून अधिक गुरे नेता येत नाहीत. अशा खटल्यांना बहुधा राज्याच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याची कलमे जोडली जातात. मार्च २०१५ पासून त्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. निर्दोषत्व शाबीत करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले. या कायद्याखालची शिक्षा आणि क्रूरतेची शिक्षा एकाच खात्यात मोजणे चुकीचे: पहिलीत जनावराचे हाल झाले की नाही, हा प्रश्नच येत नाही.

पुरावा पंचनाम्यावर आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर उभा असतो. जनावर हाच मुद्देमाल. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना ते गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येते. १९६० च्या अधिनियमाच्या कलम २९ खाली न्यायालय दोषी मालकाचे जनावर सरकारजमा करू शकते, मात्र पूर्वीची शिक्षा किंवा मालकाची वर्तणूक पाहून ते पुन्हा छळले जाईल असे दिसले तरच.