सपाट वाटेवर निवांत सायकलिंग : स्वित्झर्लंडला जाणाऱ्या हृदयरुग्णांसाठी

स्वित्झर्लंड म्हटले की आल्प्सचे चढ आठवतात. पण तिथे नद्या आणि सरोवरांच्या काठाने सपाट सायकलमार्गही आहेत. उदाहरणार्थ, आरे नदीकाठचा बील ते सोलोथर्न हा टप्पा सुमारे 430 मीटर उंचीवर, म्हणजे पुण्यापेक्षाही खाली आहे. त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही.

सपाट मार्गच का?
चढावर शरीराचे वजन वर न्यावे लागते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. सपाट रस्त्यावर किती श्रम घ्यायचे हे आपल्या हातात राहते. वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवरचा भारही कमी होतो. समोरून वारा असेल तर मात्र वेग कमी करा.

वेग किती ठेवावा?
सायकल चालवताना पूर्ण वाक्य सहज बोलता आले पाहिजे. धाप लागत असेल तर गिअर हलका करा. बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. त्या घेणाऱ्यांनी घड्याळातील आकड्यावर विसंबू नये.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा
• अलीकडे हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असल्यास.
• रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास. पडल्यास रक्तस्राव वाढू शकतो, हेल्मेट घालाच.
• इन्सुलिन घेत असल्यास. साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवा.

लगेच कधी थांबावे?
छातीत दुखणे किंवा दडपण, चक्कर, अनियमित धडधड जाणवल्यास उतरून बसा. काही मिनिटांत बरे न वाटल्यास 144 या तिथल्या रुग्णवाहिका क्रमांकावर फोन करा. त्रास थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.